खंडेनवमीनंतर फाटलेला आवाज

वसंता जाऊन आता एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाला. माझ्या या धाकट्या भावाविषयी लिहायला बसले की दवाखान्यातले दिवसच आधी समोर येतात, आणि ते दिवस काही त्याचे नव्हते. म्हणून आज ते बाजूला सारून मी लकडगंजातल्या आमच्या जुन्या घरात जाऊन बसते. तिथे तो विशीतला आहे. तोंडात डाग द्यायच्या कथलाच्या तारेचा तुकडा धरून ओसरीवर पालथा पडला आहे, त्याच्यासमोर एक उघडा लोखंडी सांगाडा आहे, आणि आई हातात परात घेऊन त्याला ओलांडत म्हणते आहे, "ऊठ गा बाबू, मान्सं जेवतीन का तुह्या अंगावर बसून?"

आमचं घर म्हणजे बाबांच्या लाकडाच्या टालाची मागची बाजू. पुढे रस्त्यावर दोन गाळे, त्यामागे अंगणात रचलेल्या सागाच्या बल्ल्या, लाकूड कापणाऱ्या आरा मशीनची शेड, आणि मग आमची ओसरी आणि तीन खोल्या. भुसा सगळीकडे असायचा. पांघरुणात, माझ्या पुस्तकांच्या पानांत, आईने झाकून ठेवलेल्या दह्यावरसुद्धा. सकाळी आरा सुरू झाला की घरातली बोलणी आपोआप वरच्या पट्टीत जात, आणि दुपारी तो थांबला तरी थोडा वेळ आम्ही एकमेकांवर ओरडतच राहत असू. आईचा स्वयंपाक त्या आवाजावर चाले. आरा जड होऊन कण्हू लागला की ती म्हणे, "बाभूळ लागली वाट्टे. आज जेवायले उशीर होते यायले," आणि कणीक झाकून सांबार निवडायला बसे. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हिवाळा लागला की तिच्या हातच्या सांबारवड्यांचा वास भुशाच्या वासावर मात करी. लाकूड न पाहता, नुसत्या आवाजावरून ते साग आहे, बिजा आहे की बाभूळ, हे सांगणारी घरात दोन माणसं होती, बाबा आणि वसंता. दोघांचा कान एकच होता. त्या कानाचं काय करायचं, याबद्दल मात्र दोघांचं जमत नव्हतं.

वसंता हवाईयन गिटार वाजवत असे. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची, आणि सूर कसा एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, लाडात येत जायचा. पण ही गिटार विजेची. तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नाहीच. तो ॲम्प्लिफायरमधून यायचा. आमच्या भागातले मनोहरकाका, जे दिवसा एका कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी स्वतःच्या ऑर्केस्ट्राचे मालक, त्यांचा जुना गिटारवाला जबलपूरला बदलून गेला होता. ती जागा वसंताला हवी होती. मनोहरकाकांची अट एवढीच, की वाजवणाऱ्याने आपला ॲम्प्लिफायर आपण आणावा. बाबांची अट वेगळी होती. एका रात्री जेवताना, ताटातल्या बेसनाच्या पाटोडीचा रस्सा भातावर ओतत, वर न पाहता त्यांनी ती सांगितली.

"हे पाय. कोजागिरीले तू वाजव. लोकायनं कान देऊन ऐकलं, तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही ऐकलं, तर पाडव्यापासून टालावर बसायचं. मंग तोंड वाकडं नाही करायचं."

"अन् ऐकलं का नाही, हे कोण ठरवीन?" वसंताने विचारलं.

"मी ठरवीन. मले दिसते ना मान्सं काय करून राहिली ते."

"म्हंजे वकील बी तुम्हीच अन् जज बी तुम्हीच," आई म्हणाली आणि तिने त्यांना आणखी एक पाटोडी वाढली.

ॲम्प्लिफायर आला तो काटोलहून. तिथे एक फिरती टॉकीज बंद पडली होती आणि तिचं सामान कोपऱ्यात गंजत होतं. तिथे राहणाऱ्या आमच्या मामांनी ते पाहून ठेवलं, आणि एक दिवस संत्र्याच्या पेटीत गवत भरून, बसच्या टपावर चढवून, पाठवून दिलं. आईने पेटी उघडली ती संत्री म्हणून. आत निघाला एक काळा लोखंडी सांगाडा, त्यावर जुन्या रेडिओत असतात तसे काचेचे चारपाच व्हॉल्व्ह आणि एका मेलेल्या पालीचा सांगाडा. वजन एवढं की हमालानेही खाली ठेवताना देवाचं नाव घेतलं. हे यंत्र आमच्या जन्माच्या आधीचं, लढाईच्या काळातलं असावं. वसंताने त्याची एकूणएक तार काढली. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून आणला, वाळलेले कंडेन्सर फेकून नवे बसवले, आतली सगळी जोडणी बॅकेलाइटच्या एका लांब पट्टीवर नव्याने मांडली. त्या पट्टीवर पितळेच्या कानांच्या दोन रांगा होत्या, आणि प्रत्येक कानाला एकेक तार त्याने अशी वळवून लावली होती की आई म्हणाली, "भरतकाम करून राहिला काय?" मी तेव्हा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होते. व्हॉल्व्हचे आलेख मी फळ्यावर पाहिले होते, पण व्हॉल्व्ह तापला की त्याला उन्हात पडलेल्या जुन्या ट्रंकेचा वास येतो, हे मला वसंतामुळे कळलं. टालावरच्या सागाच्या उरलेल्या फळ्यांची त्याने पेटी केली, दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या लावल्या, आणि नवरात्रातल्या एका संध्याकाळी त्या पेटीतून पहिला सूर निघाला. स्वच्छ, गोल, ओसरीच्या खांबांना हात लावून जाणारा. शेडमध्ये आरा चालू होता. बाबांनी तो बंद केला आणि लगेच पुन्हा सुरू केला, जणू चुकून हात लागला.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी टाल बंद. सगळी हत्यारं धुऊनपुसून मांडलेली, आऱ्याला झेंडूचा हार, आणि घरात वडाभाताचा घाट. यंत्राची पूजा बाहेरून करायची नाही, हा बाबांचा नियम होता. ते आऱ्याचं झाकण काढायला लावत, आतल्या मोटरीला कुंकू लावत, लोखंडी पायरीवर नारळ फोडून त्याचं पाणी आत शिंपडत. "बाहेरून पूजा म्हंजे मान्साच्या सदऱ्याले कुंकू लावल्यावानी," असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी आऱ्याची पूजा आटोपली, आणि हातात फुटलेला नारळ घेऊन बाबा ओसरीवर आले. वसंता गिटारच्या तारा पुसत होता.

"तुहा तो डबा खोल," बाबा म्हणाले.

"काहून?"

"काहून म्हंजे? आज साऱ्या मशिनीची पूजा असते. याले काय मशीन नाही म्हणत?"

त्या दिवसापर्यंत बाबांनी त्या पेटीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तिचा उल्लेख करायचा तर ते 'तो डबा' म्हणत, आणि तोही आईजवळ. वसंता उठला, त्याने पेटीच्या पाठीचे स्क्रू काढले. बाबा उकिडवे बसले. ट्रान्सफॉर्मरला कुंकवाचं बोट लावलं, व्हॉल्व्हच्या मधे एक फूल ठेवलं, आणि करवंटीत राहिलेलं पाणी बोटांनी आत शिंपडलं. थोडं उरलं तेही सांडू नये म्हणून आतच ओतलं. मग हात जोडले. मी दारात उभी होते. मला त्या वेळी फक्त बाबांची पाठ दिसत होती, आणि तिच्यावरून वसंताचा चेहरा. तो हसत नव्हता, पण त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी शाळेत बक्षीस घेताना व्हायचे तसे.

दसऱ्याला मनोहरकाका सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात ठेवून झाली, चहा झाला, आणि ते म्हणाले, "ऐकव बरं." वसंताने बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले. त्याने पहिला सूर छेडला, आणि तो फाटला. हळू वाजवलं तर फक्त कडा खरवडल्यासारखा यायचा. जरा जोर दिला की थेट मांजरपाट टराटरा फाडल्यासारखा. वसंता गिटारकडे पाहू लागला, मग पेटीकडे, मग गिटारकडे.

"गिटार आहे का कापडाचं दुकान?" मनोहरकाका म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना विनोद आवरत नसे. मग गंभीर होऊन म्हणाले, "पाय बाबू, कोजागिरीच्या आदल्या दिवसापर्यंत मी थांबतो. नाही जमलं, तर अकॉर्डियनवाल्याले सांगणं भाग आहे मले." ते गेले. वसंता तसाच वाजवत राहिला, आणि तासाभराने, काहीही न करता, आवाज पुन्हा स्वच्छ झाला. तो धावत कोपऱ्यापर्यंत गेला, पण मनोहरकाकांची सायकल दिसेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. थंड असताना फाटायचा, तापल्यावर सुधारायचा. आईने सुचवलं, की मग कार्यक्रमाच्या तासभर आधीच सुरू करून ठेवावा. पण ते शक्य नव्हतं, कारण फाटत असताना पॉवरच्या दोन व्हॉल्व्हांपैकी एकाच्या काचेआतला पत्रा लालभडक होई. "असा रोज लाल झाला तर तो कोजागिरीआधीच मरून जाईन," वसंता म्हणाला. "अन् दुसरा कुठून आणू?"

आम्ही दोघं शोधायला बसलो. कॉलेजला सुटी होती. एवढ्या वर्षांनी मागे पाहताना वाटतं, की माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस कोणते असं कुणी विचारलं, तर मी कदाचित हेच सांगेन. ज्या दिवसांत काही म्हणता काही जमत नव्हतं. वसंताचा एक नियम होता: चालू मशीनला तपासताना एक हात खिशात. दोन्ही हात आत गेले तर विजेचा धक्का छातीतून जातो. मला खिसा नव्हता, म्हणून मी डावा हात पाठीमागे नेऊन पदरात गुंडाळून ठेवत असे. आम्ही दोघं असे एकेका हाताने त्या पेटीवर वाकलेलो पाहून आरा चालवणारे गडी म्हणत, "बहीणभाऊ काय नमाज पढून राहिले का पूजा करून राहिले?"

आधी वाटलं स्पीकर. घरातल्या रेडिओचा स्पीकर काढून जोडला, तोही फाटला. मग वाटलं गिटारच्या तारांखालचा चुंबक. गिटार बाजूला ठेवून रेडिओचं गाणं ॲम्प्लिफायरमध्ये सोडलं. गाणारी बाई घसा बसल्यासारखी गायली. म्हणजे दोष पेटीच्या आतच. मग मी म्हटलं, "वसंता, ते दोन व्हॉल्व्ह अदलाबदल करून पाहा." त्याने केले. आता दुसरा व्हॉल्व्ह लाल होऊ लागला. बिघाड व्हॉल्व्हचा नव्हता, त्या जागेचा होता. त्या जागेवर बसेल त्याला ताप यायचा.

"भाड्याच्या घरासारखं," आई म्हणाली. "जो राहायले आला तो बिमार."

आम्ही मीटर लावला. त्या व्हॉल्व्हच्या ज्या टोकाला विजेचा दाब मुळीच नसायला हवा, तिथे मीटरचा काटा हलत होता. आधीच्या व्हॉल्व्हवर मोठा दाब असतो. तो पुढे जाऊ नये आणि फक्त सूर पुढे जावा, यासाठी दोघांच्या मधे एक कंडेन्सर असतो, दारात बसलेल्या राखणदारासारखा. तो राखणदार फितूर झाला असणार, यावर आमचं एकमत झालं. वसंताने तो बदलला. काटा हललाच. मग वैतागून त्याने तो कंडेन्सर काढूनच टाकला. आता मधे रस्ताच नव्हता. बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापले, आणि काटा हळूच, जणू आमची कीव येऊन, उठून उभा राहिला.

वसंताने मीटर खाली ठेवला. "ताई, हे भूत आहे," तो म्हणाला. "मी टालावर बसतो. तुह्या कॉलेजात पण नाही सांगत कोणी भुताचं."

तो गमतीने बोलला, पण उठून गेला आणि शेडमध्ये बाबांना बल्ली सरकवायला हात लावू लागला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि बल्लीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. मला ते बघवलं नाही. कोजागिरीला अवघे दोन दिवस राहिले होते.

त्या संध्याकाळी आमच्याकडे भुलाबाईच्या मुली आल्या. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडच्या मुली रोज संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. घरातली बाई झाकलेला डबा हातात धरून वाजवून दाखवते. मुली एकेक प्रश्न विचारत जातात आणि बाई फक्त तेवढ्याचंच उत्तर देते. मी ओसरीवर त्या उघड्या पेटीशेजारी बसले होते. गाणी संपली. आईने डबा हलवला.

"गोड का तिखट?"

"गोड."

"तळलेलं का भाजलेलं?"

"भाजलेलं."

"ओलं का कोरडं?"

"कोरडं वं माय, आवाज नाही येऊन राहिला काय?"

मुली गूळ-फुटाण्यांवर येऊन पोचल्या आणि आईने डबा उघडला. मी मात्र त्या शेवटच्या प्रश्नावर अडकून बसले होते. एवढ्या दिवसांत आम्ही पेटीला हरतऱ्हेचे प्रश्न विचारले होते: हा की तो, पुढे की मागे, नवं की जुनं. ओलं का कोरडं, हे विचारलंच नव्हतं. सकाळी वाईट, तापल्यावर बरा. रात्रीच्या दवाने वाईट, उष्णतेने बरा. पेटी स्वतःच ओरडून सांगत होती, ओलं आहे म्हणून.

मी शेडमध्ये गेले. "वसंता, चल. आत काहीतरी ओलं आहे."

"कुठून ओलं होईन? पावसाळा गेला."

"चल तर खरं."

त्याने प्लग काढला, थोडं थांबला, मग टॉर्च आणि दाढीचा आरसा घेऊन त्या बॅकेलाइटच्या पट्टीच्या मागच्या बाजूला उजेड पाडला. दोन पितळी कानांच्या मधे, नेमके आधीच्या व्हॉल्व्हचा कान आणि त्या आजारी जागेचा कान यांच्या मधे, पट्टी चकाकत होती. वार्निश लावल्यासारखी. आणि त्या वार्निशात दोन तांबड्या मुंग्या चिकटून मेल्या होत्या. वसंताने तिथे बोट घासलं, आणि मी थांबवायच्या आत जिभेला लावलं.

"गोड," तो म्हणाला.

मुली अजून फुटाणे खात होत्या. त्या वळून पाहू लागल्या. आई डब्याचं झाकण हातात घेऊन आमच्याकडे आली, वाकून पाहिलं, आणि खाऊ ओळखावा तसं अगदी शांतपणे म्हणाली, "नारळ."

वसंता माझ्याकडे बघेना. मग हसू लागला, एवढा की त्याला भिंतीला टेकावं लागलं. मी हसले, आई हसली, मुलीही कशाला हसायचं हे न कळता हसल्या. नारळाचं पाणी वाळलं होतं खरं, पण त्यातली साखर आणि क्षार पट्टीवर राहिले होते. रात्री ते हवेतलं पाणी ओढून घेत आणि दोन कानांमधे एक बारीकसा पूल तयार होई. तापल्यावर पूल वाळे. आईने स्टोव्ह पेटवायचं स्पिरिट दिलं, फुलवातींचा कापूस दिला. वसंताने पट्टीचा तो भाग पुसला, ब्लेडने खरवडला, पुन्हा पुसला. सकाळी दव पडलेलं असताना, काही न तापवता, त्याने बटण दाबलं. दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच नारिंगी झाले. त्याने सूर छेडला. तो ओसरीभर पसरला, अंगणात गेला, आणि बल्ल्यांवर बसलेल्या कावळ्याने मान वाकडी करून पाहिलं. मनोहरकाका त्याच दुपारी ऐकून गेले. जाताना ते चक्क काहीही विनोद न करता गेले.

बाबांना काय सांगायचं, यावर मी आणि वसंता बोलत होतो. काहीच सांगू नये, यावर आमचं ठरतही आलं होतं. पण आईला असं लपवणं जमत नसे. जेवायला बसल्याबरोबर ती म्हणाली, "तुमच्या नारळानं फाटला होता आवाज."

बाबांचा घास हातात राहिला. तिने सगळं सांगितलं, मुंग्यांसकट. बाबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं.

"आरा तर कधी बिघडला नाही," ते म्हणाले.

"आरा लाकूड खाते. हे मशीन नाजूक आहे," आई म्हणाली.

बाबा थोडा वेळ जेवले. मग वसंताकडे वळून म्हणाले, "तुले माहीत नव्हतं? पाणी नाही टाकत यात म्हणून?"

"माहीत होतं," वसंता म्हणाला.

"मंग काहून टाकू दिलं? हात नाही धरता आला माह्या?"

वसंता भात कालवत राहिला. "तुम्ही पहिल्यांदा त्याच्याजवळ आले होते," तो म्हणाला. "मी कसा हात धरू? नंतर पुसलं होतं मी सदऱ्यानं. मले वाटलं, पुसलं म्हंजे झालं."

आरा बंद होता, त्यामुळे ताटांचे आवाज ऐकू येत होते. बाबांनी भात मागितला नाही, पण आईने वाढला तो खाल्ला.

कोजागिरीला शाळेच्या मैदानात सतरंज्या अंथरल्या होत्या. एका बाजूला मोठ्या कढईत दूध आटत होतं, त्यात चंद्र पाहायला पोरं वाकत होती आणि कढईवाला त्यांना हाकलत होता. ऑर्केस्ट्रा सुरू झाला तेव्हा लोक बोलत होते. मनोहरकाकांनी गाणं म्हटलं तेव्हाही बोलत होते. आमच्याकडचे लोक कोजागिरीला एकमेकांशी बोलायलाच येतात. बाबा सतरंजीवर बसले नाहीत. ते बाजूला उभे राहिले, आणि स्टेजकडे पाठ करून. त्यांना स्टेज बघायचंच नव्हतं. ठरल्याप्रमाणे त्यांना माणसं बघायची होती. हात पाठीमागे बांधून, हिशेबी नजरेने ते रांगांवरून पाहत होते, लाकडाचा माल पाहावा तसे.

मग वसंताची पाळी आली. एकट्या गिटारवर एक गाणं. पहिला सूर निघाला आणि लांबत, वर चढत, कुठेही न फाटता टिकून राहिला. मी माणसांकडे पाहू लागले, कारण बाबा तिकडेच पाहत होते. पुढच्या रांगा गप्प झाल्या. दूध वाढणारा पोऱ्या पळी तशीच धरून थांबला. मागच्या बाजूच्या बायकांचं बोलणं चालूच होतं, मग तेही थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. हे पुरे आहे का? यांनी ऐकलं असं म्हणायचं का? मी बाबांचा चेहरा शोधला, पण मला तो दिसेना. मला त्यांची पाठ दिसत होती. ते स्टेजकडे वळले होते. माणसं काय करताहेत हे पाहायचं विसरून, मान जराशी एका बाजूला कलती करून, शेडमध्ये लाकडाचा आवाज ऐकताना करत तशी, ते वसंताकडे बघत उभे होते. गाणं संपलं तरी ते पुन्हा माणसांकडे वळले नाहीत.

घरी आल्यावर ते काहीच बोलले नाहीत. पेटी जड म्हणून शाळेच्याच एका खोलीत ठेवली होती. वसंता ओसरीवर आडवा पडून म्हणाला, "ताई, पाडव्याले माह्यासाठी टालावर गादी टाकून ठेवजो." मी त्याला म्हटलं, गप झोप.

सकाळी मला जाग आली ती पुढच्या अंगणातल्या आवाजाने. गडी लाकडं हलवत होते. आज टालाला सुटी, मग हे काय, असं मनात आलं तेवढ्यात बाबा ओसरीवर आले. अंगावर भुसा होता. त्यांनी वसंताला पायाने हलवलं. "ऊठ. चल, तुहा डबा आणू."

आम्ही तिघं शाळेत गेलो. बाबांनी एक कडी धरली, वसंताने दुसरी, मी गिटार घेतली. रस्ताभर दोघांचं पटेना. वसंता उंच होता, म्हणून पेटी बाबांकडे कलायची.

"खाली धर ना गा, साऱ्याचं वजन मले देऊन राहिला."

"तुम्हीच वर धरा जराशी."

"मी पासष्टचा झालो, आता वर कुठं होऊ?"

थांबत, हात बदलत, एकमेकांवर कुरकुरत ते टालाशी आले. वसंता सवयीने मागच्या अंगणाकडे, ओसरीकडे वळू लागला. बाबा वळले नाहीत. पेटी दोघांच्या मधे ताणली गेली.

"इकडं," बाबा म्हणाले.

पुढचा डाव्या हाताचा गाळा, ज्यात मला कळू लागलं तेव्हापासून साग रचलेला असे, तो रिकामा होता. झाडलेला. भिंतीला बाबांच्याच हातचं, अजून न रंगवलेलं, सागाचं एक लांब फळीचं टेबल टेकवून ठेवलं होतं, त्यावर ओसरीवरचा वसंताचा मीटर आणून मांडला होता, आणि रस्त्याच्या बाजूला विजेची एक नवी तार लोंबत होती. वसंता दारात उभा राहिला.

"अन् टाल?" त्याने विचारलं.

"टाल मी पाहतो ना. माहे हात कुठं गेले?" बाबा म्हणाले, आणि पेटी टेबलाकडे ओढत पुढे झाले. "ये. इथं ठेव. हळू."